अमोनियाच्या वाफेने ओकचं फर्निचर गडद करायचं असेल तर: मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी

ओकच्या खुर्चीला गडद तपकिरी रंग हवा म्हटलं की मिस्त्री सहसा स्टेनचा डबा काढतो. स्टेनने काम लवकर होतं, पण तो रंग वरून चढवलेला असतो आणि दोन-तीन हात झाले की लाकडाच्या रेषा त्याखाली दबून जातात. वाफेच्या रंगाचं तसं नाही. ओकमध्ये टॅनिन, म्हणजे तुरट चवीचं नैसर्गिक द्रव्य असतं. लाकडात अमोनियाची वाफ शिरली की हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने ते टॅनिनच तपकिरी होतं. त्यामुळे रेषा झाकल्या जात नाहीत, उलट जास्त उठून दिसतात. तबेल्यांतलं ओक घोड्यांच्या मुताने काळवंडतं, हे युरोपात जुन्या काळापासून माहीत होतं. अमेरिकेत गुस्ताव्ह स्टिकली (1858–1942) या फर्निचरवाल्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच पद्धत कारखान्यात आणून गाजवली.

अडचण अशी की या कामाची मिळणारी बहुतेक माहिती थंड हवेच्या देशांतली आहे. तिथला माणूस गॅरेजमध्ये 15 अंशांत बाटली उघडतो. या कामाला लागणारं 25 टक्क्यांचं अमोनियाचं पाणी साधारण 38 अंशांना उकळायला लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नांदेड-परभणीत पारा 42च्या पुढे जातो, म्हणजे सावलीत ठेवलेली बाटलीसुद्धा आतून उकळायच्या बेतात असते. खाली जे सांगतोय ते हे ध्यानात ठेवून वाचा. लाकूड, तंबू, वेळ या सगळ्यांत थोडंफार इकडेतिकडे चालेल, उन्हाळ्यात बाटली उघडणं चालणार नाही.

1. आधी हंगाम ठरवा

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची सुरुवात, एवढाच काळ मी या कामाला धरतो. परभणीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा 10 अंशांखाली जातो. लातूर, बीड, संभाजीनगरलाही सकाळ गार असते. बाटली उघडणं आणि ओतणं सूर्य वर यायच्या आत उरकायचं. हिवाळ्यातही दुपारी तीस अंश होतात, पण तोवर द्रावण तंबूत बंद झालेलं असतं आणि तिथे ती ऊब कामालाच येते, कारण उबेत रंग लवकर चढतो.

पावसाळ्यात दमट हवेत तंबू आतून गळतो, थेंब लाकडावर पडून डाग उठतात. तेव्हा तो हंगामही सोडा.

2. लाकूड खरंच ओक आहे का, ते तपासा

बाजारात "ओक" म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं म्हणजे ओकचं चित्र छापलेला लॅमिनेट असतो. त्यावर वाफेचा काहीही परिणाम होत नाही. ओक व्हिनीअरची प्लाय मात्र खऱ्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याची असते, त्यावर रंग येतो. "स्मोक्ड ओक" या नावाने मिळणारं व्हिनीअर आधीच गडद केलेलं असतं, ते घेतलंत तर हा सगळा खटाटोप करायची गरज नाही.

भरीव ओक आपल्याकडे बाहेरून येतो, अमेरिका आणि युरोपातून. लाकूड घेताना व्यापाऱ्याला एकच प्रश्न विचारा: व्हाइट ओक की रेड ओक? व्हाइट ओकमध्ये टॅनिन जास्त, रंग खोल आणि उबदार येतो. रेड ओकमध्ये ते कमी असतं, त्यावर रंग फिका आणि बऱ्याचदा हिरवट येतो. दोन्ही मिसळून केलेलं टेबल वाफेतून बाहेर काढलं की फळीफळीत फरक दिसतो, आणि तो नंतर लपत नाही. जमलं तर एका वस्तूसाठी एकाच लॉटमधल्या फळ्या घ्या.

टॅनिन आहे की नाही ते पाहायची सोपी रीत आहे. लोखंडी खिळे किंवा तारेची घासणी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. त्या पाण्याचा एक थेंब लाकडाच्या मागच्या बाजूला टाका. थोड्याच वेळात निळसर काळा डाग उठला तर टॅनिन भरपूर आहे. नुसता राखाडी आला तर वाफेकडून फार अपेक्षा ठेवू नका.

बाभळीवर चालेल का, हा प्रश्न मला आपल्या भागातली माणसं हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. औतं, बैलगाडीचे भाग यांसाठी बाभूळ आपल्या घराघरांत आहे, आणि तिच्या सालीने कातडी कमावतात ती टॅनिनमुळेच. पण साल वेगळी, गाभा वेगळा. गाभ्याचा एक तुकडा आधी वाफेत ठेवून बघा, मग ठरवा. जुन्या वाड्यांच्या सागवानी दारांना मात्र हा प्रयोग करू नका. ओकसारखा रंग सागावर येईल असं धरून चालता येत नाही, आणि असं दार पुन्हा मिळत नाही.

3. सामानाची यादी

- अमोनियाचं द्रावण, 25 टक्के. दुकानदार याला "लिकर अमोनिया" म्हणतो, लेबलवर बहुधा 0.91 ही घनता लिहिलेली असते. कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या केमिकलच्या दुकानांत अर्ध्या लिटरची बाटली मिळते. अडीच लिटरची स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, उरलेली ठेवणार कुठे?
- पूर्ण चेहरा झाकणारा रेस्पिरेटर (विषारी वायू अडवणारा मुखवटा), अमोनियासाठीच्या हिरव्या पट्ट्याच्या काडतुसासह, म्हणजे वायू शोषणाऱ्या डबीसह. अर्ध्या चेहऱ्याचा असेल तर सोबत चारही बाजूंनी बंद गॉगल.
- नायट्रिल किंवा निओप्रीनचे लांब हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, बंद बूट.
- प्लास्टिक किंवा काचेचे पसरट, उथळ टब, त्यावर घट्ट बसेल असं झाकण.
- तंबूसाठी लाकडी रिपा आणि जाड पारदर्शक प्लास्टिक. पॉलीहाऊसचा उरलेला कागद उत्तम. शेततळ्याचा काळा कागद जाडीला चांगला, पण आतलं दिसत नाही. शेडनेट आणि विणीची जुनी ताडपत्री चालत नाही, वाफ आरपार जाते.
- रुंद चिकटपट्टी, वाळू भरलेल्या पिशव्या.
- त्याच लाकडाच्या चार-पाच नमुना पट्ट्या आणि सुतळी.
- दोन बादल्या स्वच्छ पाणी, हाताशी. नळी जोडलेला चालू नळही हवा, डोळे धुवायला वाहतं पाणी लागतं.

कागदपत्रं फार नाहीत. दुकानदार नाव, पत्ता आणि वापर कशासाठी हे विचारू शकतो. ओळखपत्र सोबत ठेवा आणि खरं काय ते सांगा. बिल घ्या, आणि त्या रसायनाची सुरक्षा माहितीपत्रिका मागून घ्या. दवाखान्यात जायची वेळ आलीच तर डॉक्टरांच्या हातात तीच द्यायची असते.

दोन गोष्टी मुळीच आणू नका. एक, बर्फाच्या कारखान्यातला किंवा शीतगृहातला सिलिंडरचा अमोनिया. तो पाण्यात विरघळवलेला नसतो, निव्वळ असतो, आणि त्याची गळती जीव घेते. दुसरं, नवसागर आणि चुना. शाळेतल्या प्रयोगात त्यापासून अमोनिया काढलेला आठवत असेल, पण किती निघेल आणि कधी थांबेल यावर आपला ताबा नसतो. काच पुसायच्या द्रवांवर पैसे घालवू नका, त्यांतल्या अमोनियाने एवढं काम होत नाही. पूर्वी नकाशांच्या अमोनिया प्रिंट काढणाऱ्या दुकानांत तीव्र द्रावण असायचं. संगणकावरून नकाशे छापणारे प्लॉटर आल्यापासून ती दुकानं जवळजवळ संपली.

4. लाकूड तयार करा

जुनं पॉलिश, मेण, तेल, सगळं शेवटच्या थरापर्यंत काढा. वाफ उघड्या लाकडातच शिरते. रंधा मारून झाल्यावर 120 आणि मग 180 नंबरचा पॉलिश पेपर पुरे.

खरा त्रास देतो तो सांध्यांतून बाहेर आलेला फेव्हिकॉल. डोळ्यांना दिसत नाही, पण वाफेनंतर तिथे बोटाएवढा पांढुरका ठिपका राहतो. सांध्यांच्या कडा ओल्या फडक्याने पुसून तिरप्या उजेडात बघा; डिंक असेल तिथे ओल शोषली जात नाही, तो भाग लगेच ओळखू येतो. पटाशीने हलक्या हाताने खरवडून काढा. घामट हातांचे ठसेही उमटतात, म्हणून शेवटचा हात फिरवल्यावर सुती हातमोजे घालूनच वस्तू उचला.

बिजागऱ्या, कड्या, स्क्रू, खिळे सगळे काढा. लोखंड, ओल आणि टॅनिन एकत्र आले की काळे डाग पडतात. पितळेचं तर आणखी वाईट. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवत, आणि त्यांना आपोआप भेगा पडत. कारण नीट उलगडलं 1921 मध्ये: घोड्यांच्या मुतातला अमोनिया. तुमच्या पितळी मुठींचंही तेच होईल.

5. पांढरा भाग असेल तर हिरडा

ओकच्या फळीच्या कडेला फिकट रसकाष्ठ असतं, म्हणजे सालीलगतचं कोवळं लाकूड. त्यात टॅनिन नावालाच, त्यामुळे तो पट्टा वाफेतही फिकाच राहतो. कापून टाकता आला तर सगळ्यात बरं. ते शक्य नसेल तर त्याला बाहेरून टॅनिन पाजता येतं. परदेशात त्यासाठी टॅनिक ॲसिडची पूड वापरतात. आपल्याकडे हिरडा आहे, काष्ठौषधीच्या कोणत्याही दुकानात मिळतो.

बी काढलेल्या हिरड्याची पूड लिटरभर पाण्यात मूठभर टाकून अर्धा तास मंद आचेवर उकळा. गाळून गार करा आणि ब्रशने फक्त फिकट पट्ट्यावर लावा. पातेलं स्टीलचंच घ्या. लोखंडी कढईत हा काढा शाईसारखा काळा होतो. दुसऱ्या दिवशी, पूर्ण वाळल्यावर, उठलेले तंतू जुन्या पेपरने बसवून घ्या. हिरड्याने लाकडाला किंचित पिवळी झाक येते, म्हणून एक नमुना पट्टी आधी करून बघाच.

6. जागा आणि तंबू

घरात नाही, जिन्याखाली नाही, बंद शेडमध्ये नाही. उघड्यावर, पण सावलीत. गच्ची सोयीची वाटते, पण पारदर्शक प्लास्टिकवर थेट ऊन पडलं की तंबू आतून तापतो आणि डिसेंबरमध्येही टबातलं द्रावण उसळू लागतं. घराच्या उत्तरेच्या भिंतीची किंवा दाट कडुलिंबाची सावली बघा. गोठा, विहीर, कोंबड्यांचं खुराडं आणि शेजाऱ्याची खिडकी वाऱ्याच्या दिशेला नको. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी जाऊन सांगा. नुसता वास आला तरी लोक घाबरतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

रिपांचा चौकोनी सांगाडा करा, वस्तूच्या सगळ्या बाजूंनी वीतभर मोकळी जागा सोडून. रिपा खिळ्यांऐवजी सुतळीने बांधा किंवा लाकडी खुंट्यांनी जोडा. छत थोडं उतरतं ठेवा, म्हणजे ओल कडेने ओघळेल. खाली पण प्लास्टिक अंथरा. वस्तू लहान ठोकळ्यांवर टेकवा, पायाचा तळही रंगला पाहिजे. कपाट असेल तर दारं उघडी, ड्रॉवर काढून वेगळे उभे. जिथे दोन लाकडं एकमेकांना चिकटून राहतील तिथे रंग येणार नाही.

अमोनियाची वाफ हवेपेक्षा हलकी असते, वर चढते. म्हणून टब जमिनीवर. खुर्चीएवढ्या तंबूला पाव लिटर पुरतं, कपाटाला अर्धा लिटर, दोन टबांत विभागून आणि दोन कोपऱ्यांत ठेवून. एका बाजूला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला नाही, टब सरकवण्यापुरती फट ठेवा. नमुना पट्ट्या सुतळीला बांधून आत टांगा आणि सुतळीची टोकं बाहेर काढा, म्हणजे तंबू न उघडता एकेक ओढून बघता येते.

7. ओतताना

बाटली आदल्या रात्री बाहेर गारव्यात ठेवा. पहाटे रेस्पिरेटर, गॉगल, हातमोजे घालूनच तिच्याजवळ जा. वारा पाठीवर घ्या. झाकण एकदम उघडायचं नाही. अर्धा आटा फिरवा, फुस्स आवाज थांबू द्या, मग पुढे. टब फटीतून आत ठेवून तिथेच ओता, बाटली लगेच बंद करा, फट चिकटपट्टीने बंद करा आणि कडांवर वाळूच्या पिशव्या टाका. दुसरं एक माणूस लांब उभं पाहिजेच, पाण्याच्या बादल्यांजवळ.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा एन-95 मास्क इथे काहीच उपयोगाचा नाही. ते धूळ अडवतात, वायू नाही. कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी अमोनियाची मर्यादा 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) आहे आणि 300 पीपीएमला जिवाला तत्काळ धोका धरतात. तंबूच्या आत याच्या कितीतरी पट असतं, म्हणून आत डोकं घालायचं नाही, "फक्त बघतो" म्हणूनसुद्धा नाही. दाट वाफ हवेत मिसळून पेटू शकते. जवळपास बिडी, चूल, वेल्डिंग, विजेचं बटण काही नको. ब्लीचिंग पावडर किंवा फरशीचं क्लोरीनचं पाणी त्या बाजूला आणूच नका, दोन्ही मिळून विषारी वायू होतो. दमेकरी, लेकरं आणि बांधलेली जनावरं लांब ठेवा.

डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि मग डॉक्टरकडे. अंगावर सांडलं तर कपडे काढून पाणी. श्वासात गेल्यावर छाती जड वाटली, खोकला थांबेना, तर 108 ला फोन करा. बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका, फुफ्फुसांवरचा परिणाम काही तासांनीही वाढतो.

8. किती वेळ ठेवायचं

व्हाइट ओकला चार-सहा तासांत मधासारखी छटा येते. चोवीस तासांत मध्यम तपकिरी, दोन दिवसांत गडद. त्यानंतर फारसा फरक पडत नाही, कारण द्रावणातला जोर गेलेला असतो.

नवखा माणूस नेमका इथे फसतो. तंबूतून ओढलेली पट्टी राखाडी, निस्तेज, किंचित हिरवट दिसते आणि वाटतं काम बिघडलं. तसं नसतं. त्या पट्टीच्या अर्ध्या भागावर स्पिरिटचं फडकं फिरवा. ओल्या भागात तपकिरी एकदम वर येतो, आणि फळी किरणरेषांच्या (खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेषांच्या) दिशेने चिरलेली असेल तर त्या रेषा आडव्या चकाकत्या पट्ट्यांसारख्या उमटतात. शेवटचा रंग साधारण तोच असणार आहे. नेहमी ओल्या पट्टीवरून ठरवा, कोरड्या नाही, आणि पट्टी बघायचीय ती दिवसाच्या उजेडात. मनाजोगती छटा आली की थांबा. मी स्वतः मध्यम तपकिरीच्या थोडं पुढे गेलं की थांबतो. अगदी काळपट होईपर्यंत ठेवलं तर किरणरेषांची मजा जाते.

9. उघडणं आणि उरलेलं द्रावण

पुन्हा पहाटे, पुन्हा सगळा जामानिमा चढवून. वाऱ्याच्या खालच्या अंगाची बाजू आधी मोकळी करा, तिथून लांब व्हा, तासभर वाफ जाऊ द्या. मग समोरून टबावर झाकण ठेवून तो बाहेर काढा. फर्निचर निदान दोन दिवस सावलीत वाऱ्यावर राहू द्या. नाकाला वास येईनासा झाल्याशिवाय पॉलिशला हात लावू नका.

टबातलं पाणी भरपूर पाण्यात पातळ करा. एक लिटरला मोठं पिंप लागेल. त्यात थोडं थोडं व्हिनेगर घालून वास मारा आणि मोकळ्या पडीक जागेवर पसरून टाका. विहीर, ओढा, जनावरांचा हौद, शेततळं यांच्या आसपास नाही. मासे अगदी थोड्या अमोनियानेही मरतात. बाटलीत उरलं असेल तर उन्हाळ्याआधी कामात आणा, किंवा मित्राच्या कामाला द्या. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत अशी बाटली असणं म्हणजे घरात फुटायला टेकलेली वस्तू असणं.

10. पॉलिश

रंग वरच्या पातळ थरातच असतो, तेव्हा घासताना 240 नंबरचा पेपर नुसता फिरवा, कोपऱ्यांवर तर बोटाने.

मला या लाकडावर जवसाचं तेल आणि त्यावर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश आवडतं. तेलाने रंग खोल जातो, चपड्याने उब येते. तेलाचा एक पातळ हात, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून टाकायचं, आठवडाभर वाळवायचं, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा कापडाच्या बोळ्याने तीन-चार हात. चकचकीत पीयू (पॉलीयुरेथेनचं पॉलिश) नको असं माझं ठाम मत आहे, त्याखाली हे लाकूड प्लास्टिकसारखं दिसतं. रेड ओकची हिरवट झाक राहिली असेल तर लालसर, न गाळलेला चपडा वापरा, बरीचशी मारली जाते.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटतो, आपल्या उन्हात तर लवकरच. चिंध्या एकेक करून बाहेर दोरीवर पसरून पूर्ण कडक होऊ द्या, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.